आधी चिंचोके, मग आकडे

सिल्लोड : छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्यामार्गे जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सिल्लोड हे तालुक्याचे गाव मका, कापूस आणि मिरचीसाठी ओळखले जाते. सुगीच्या दिवसांत येथील अंगणांत मक्याच्या कणसांचे ढीग पडतात. थोरामोठ्यांच्या दृष्टीने तो माल असतो. चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने मात्र ते भरपूर खेळणे असते. तो दाणे वेचतो, रांगेत मांडतो, मूठभर इकडे आणि मूठभर तिकडे करतो. 'अभ्यास सोड आणि खेळत बस' अशी जी तक्रार पुढे आयुष्यभर ऐकावी लागते, तिच्यातील 'अभ्यास' आणि 'खेळ' हे दोन्ही या वयात एकच असतात, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

अलीकडे शहरांप्रमाणेच तालुक्याच्या गावांतही अडीच-तीन वर्षांच्या मुलाला शिशुवर्गात घालण्याची घाई दिसते. पाहुण्यांसमोर मुलाने शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणून दाखवले, की पालकांना समाधान वाटते. परंतु त्याच मुलासमोर वाटीभर चिंचोके ठेवून 'यातले मला सात दे' असे म्हटले, तर अनेकदा ते ओंजळ भरून देते. शंभरपर्यंत म्हणणे आणि सात मोजून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पाठांतराने येते. दुसरी येण्यासाठी हातांना काम लागते.

मोजणे म्हणजे काय?

मोजणी ही मोठ्यांना इतकी सवयीची झालेली असते, की तिच्यात किती पायऱ्या आहेत हे जाणवत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टल यांनी १९७८ साली लहान मुलांच्या संख्याज्ञानावरील आपल्या ग्रंथात मोजणीची पाच तत्त्वे मांडली. प्रत्येक वस्तूला एक आणि एकच अंक द्यायचा, ही एकास एक संगती पहिली. अंकांचा क्रम कायम ठेवायचा, हे दुसरे. शेवटी उच्चारलेला अंक म्हणजेच एकूण वस्तूंची संख्या, हे तिसरे. मोजायच्या वस्तू कोणत्याही असोत, रीत तीच, हे चौथे. आणि मोजणी डावीकडून करा की उजवीकडून, उत्तर बदलत नाही, हे पाचवे.

यातील तिसरे तत्त्व सर्वांत अवघड होय. मूल बोट ठेवून 'एक, दोन, तीन, चार, पाच' असे बरोबर मोजते. 'मग किती झाले?' असे विचारले, की ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. 'पाच' हे त्याच्या लेखी शेवटच्या चिंचोक्याचे नाव असते, सगळ्यांची मिळून होणारी संख्या नव्हे. आकड्यांची ओळ तोंडपाठ झाल्यानंतर ही समज येण्यास अनेक महिने, कित्येकदा वर्षभराहून अधिक काळ लागतो. या काळात मुलाला 'ढ' ठरवणे अन्यायाचे आहे. त्याला आणखी मोठे आकडे पाठ करायला लावणे हे तर निरुपयोगीच.

स्वित्झर्लंडचे विचारवंत जाँ पियाजे यांनी दाखवलेला एक प्रयोग कोणत्याही घरात करून पाहता येतो. सहा चिंचोक्यांच्या दोन सारख्या रांगा मांडाव्यात. मुलाने दोन्ही सारख्याच असल्याचे सांगितल्यावर एका रांगेतील चिंचोके त्याच्या डोळ्यांदेखत लांब लांब पसरावेत. चार वर्षांचे मूल बहुधा लांब रांगेत जास्त चिंचोके असल्याचे सांगते. त्याला रागावून किंवा समजावून हा समज जात नाही. स्वतः अनेकदा मांडामांड केल्यावर तो आपोआप गळून पडतो.

फ्रोबेलपासून कोसबाडपर्यंत

हस्तव्यवसाय आणि खेळ यांतून अंक व आकार शिकवण्याची कल्पना नवी नाही. जर्मनीतील फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे 'बालकांची बाग' असे नाव दिले. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती, आठ लहान ठोकळ्यांत विभागलेला मोठा ठोकळा अशी साधने त्यांनी ठरावीक क्रमाने मुलांच्या हाती दिली. कागदाच्या घड्या, विणकाम, मातीकाम यांनाही त्यांच्या पद्धतीत मानाचे स्थान होते.

इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत चढत जाणाऱ्या दहा घनांचा गुलाबी मनोरा, खरखरीत कागदाचे अंक आणि शून्य ते नऊ अंक लिहिलेली कप्प्यांची पेटी ही त्यांची साधने जगभर पोहोचली. त्या पेटीत मुलाने प्रत्येक कप्प्यात अंकाइतक्या काड्या ठेवायच्या असतात. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो. 'काहीच नाही' यालाही एक अंक आहे, ही गोष्ट व्याख्यानाने नव्हे तर रिकाम्या कप्प्याने समजते.

महाराष्ट्राचा या परंपरेशी जवळचा संबंध आहे. भावनगरमध्ये गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. पुढे ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती, ती खेड्यांतील गरीब मुलांपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. ताराबाईंनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले तेव्हा त्यांना अनुताई वाघ यांची साथ मिळाली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असा मार्ग या दोघींनी काढला. शिंपले, बिया, पाने, खडे, काड्या हेच शिकण्याचे साहित्य झाले. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण, तर अनुताईंना १९८४ साली पद्मश्री मिळाली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर रुजला. आज अंगणवाडी म्हटले, की पोषण आहार आणि वजनकाटा डोळ्यांसमोर येतो. मात्र त्या शब्दाच्या मुळाशी अंगणातील खडे-बियांची शाळा आहे.

साहित्य अंगणातच

बाजारात रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे संच मिळतात. ते वाईट नसतात, पण आवश्यकही नसतात. सिल्लोड परिसरातील घराघरांत जे आहे, तेवढ्यावर दोन-तीन वर्षांचा अभ्यास होऊ शकतो.

मक्याचेच कणीस घ्यावे. त्यावरील दाण्यांच्या रांगा सर्वसाधारणपणे सम संख्येत असतात : बारा, चौदा, सोळा. मक्याची फुले जोडीजोडीने येतात, म्हणून असे होते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला या रांगा मोजायला सांगितल्यास पहिल्यांदा ते फिरतच राहते, कारण रांगा गोल आहेत आणि सुरुवात कोठून केली हे कळत नाही. एका रांगेवर हळदीचे बोट उमटवावे, म्हणजे मोजणीला आरंभ आणि शेवट मिळतो. नंतर दोन-दोन रांगांच्या जोड्या लावाव्यात. एकही रांग उरत नाही, हे पाहून 'सम' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

भुईमुगाच्या शेंगांत दाणे किती असतील, याचा अंदाज करून मग फोडून पाहणे हा दुसरा खेळ. एक दाण्याच्या, दोन दाण्यांच्या आणि तीन दाण्यांच्या शेंगांचे वेगळे ढीग केले, की वर्गीकरण झाले. कोणता ढीग मोठा, कोणता लहान हे पाहिले, की तुलना झाली. चिंचोके, खडे, बाटल्यांची झाकणे, जुने गुंड्यांचे डबे हे सारे याच कामाचे आहे. भाकरी-पोळी वाढताना 'घरात माणसे पाच, तर ताटे किती?' हा प्रश्न एकास एक संगतीचा उत्तम पाठ ठरतो.

मात्र काही पथ्ये पाळणे अत्यावश्यक आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती दाणे, बिया, मणी देऊ नयेत. ते नाका-कानात किंवा घशात अडकण्याचा धोका असतो. मोठ्या मुलांनाही मोठ्यांच्या नजरेसमोरच खेळू द्यावे. लाल-काळ्या गुंजा दिसायला मोहक असल्या तरी विषारी असतात, एरंडाच्या बियाही विषारी असतात. त्या मोजण्यासाठी कधीही वापरू नयेत. शेतकरी कुटुंबांनी आणखी एक काळजी घ्यावी. पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतील मका किंवा सरकी औषध लावून रंगवलेली असते. तिचा गुलाबी-लाल रंग मुलांना आकर्षित करतो. असे बियाणे मुलांच्या हाती लागता कामा नये. खाण्यासाठी राखलेले दाणेच खेळात वापरावेत.

'एकवीस' आणि 'वीस एक'

मराठी मुलापुढे एक अडचण अशी आहे, जी तेलुगू किंवा तमिळ मुलापुढे नसते. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर येते, पण लिहिताना २ आधी आणि ५ नंतर. ऐकल्याप्रमाणे लिहिणारे मूल ५२ लिहिते. ते चुकलेले नसते, कानाशी इमान राखून असते. 'एकोणतीस'मध्ये तर 'तीस' ऐकू येते आणि लिहायचे असते २९. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत अशी आठ नावे 'एकाने कमी' या तत्त्वावर बनलेली आहेत. नव्याण्णव मात्र त्या नियमात बसत नाही. 'त्रेसष्ट', 'अठ्ठ्याहत्तर' यांसारखी जोडाक्षरे ही आणखी वेगळी अडचण.

हा प्रश्न २०१९ साली एकदम चव्हाट्यावर आला. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'एकवीस'बरोबरच 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत देण्यात आली होती. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका अशी होती, की जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले गणितालाच घाबरतात, ती भीती कमी व्हावी. भाषेची मोडतोड होत असल्याची टीका झाली, विधिमंडळातही विषय गाजला. या वादात एक गोष्ट काहीशी बाजूला पडली. पुस्तकात रूढ नावे काढून टाकलेली नव्हती, दोन्ही पद्धती शेजारी शेजारी होत्या. डॉ. नारळीकर यांचे २०२३ साली निधन झाले. त्यांनी दाखवलेली अडचण मात्र प्रत्येक वर्गात दरवर्षी नव्याने उभी राहते.

हाताने केलेल्या वस्तू येथे उपयोगी पडतात. तुरीच्या किंवा खराट्याच्या दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबराने बांधावेत. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या मुलाने स्वतः मांडल्या, की 'पंचवीस' हे नाव कोणत्याही क्रमाने ऐकू आले तरी २ कोणाचे आणि ५ कोणाचे, हे त्याला दिसते. 'एकोणतीस' सांगताना तीन गठ्ठे मांडून त्यातील एक काडी काढून घ्यावी. मग ते नाव कोडे राहत नाही, उलट त्यात एक गंमत असल्याचे मुलांच्या ध्यानी येते. अनेक प्राथमिक शाळांत 'गणितमाळ' वापरली जाते. तिच्यात शंभर मणी असतात, दहा एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे, या क्रमाने. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या गुंडाळून आणि खळीने चिकटवून असे मणी घरीही करता येतात.

अंकांच्या लिपीचाही विचार करावा लागतो. देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा, ५ हा चारसारखा आणि ७ हा उलट्या सहासारखा दिसतो. मुलाला एसटीच्या पाटीवर एक लिपी दिसते, तर मोबाइलवर दुसरी. सिल्लोड-अजिंठा परिसरात उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. तेथील मुले अक्षरे उजवीकडून डावीकडे लिहितात, पण अंक डावीकडून उजवीकडे. अशा ठिकाणी घाईने दोन-तीन लिप्या एकदम गिरवून घेण्यापेक्षा वस्तूंची संख्या पक्की होऊ द्यावी. त्यानंतर तिला कोणतेही चिन्ह जोडणे सोपे जाते.

पट, कवड्या आणि ठिकरी

महाराष्ट्रातील जुने खेळ संख्येने भरलेले आहेत. चल्लस-आठच्या पाच गुणिले पाच घरांच्या पटावर चार कवड्या टाकतात. जितक्या उताण्या पडतील तितकी घरे सोंगटी पुढे जाते, चारही पालथ्या पडल्या तर आठ. कवड्या नसल्या तर एका बाजूने घासून पांढरे केलेले चिंचोके चालतात. येथे मूल तीन उताण्या कवड्या न मोजता, नुसत्या नजरेने ओळखू लागते. ही नजरेची ओळख पुढे बेरजेचा पाया होते. लगोरीत मोठ्या चकतीवर लहान चकती ठेवताना उतरता क्रम कळतो. जमिनीवर आखलेल्या घरांत ठिकरी टाकून लंगडी घालताना अंक पायांखाली येतात. विटीदांडूतील वकट, लेंड, मूंड, नाल ही मोजणी तर तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्याशी इतकी जुळते, की मराठवाड्याचा शेजार खेळातही दिसावा.

पटावरील खेळांचा उपयोग संशोधनानेही पडताळला आहे. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील अल्प उत्पन्न गटातील बालवाडीच्या मुलांना एक ते दहा घरांचा सरळ पट्टीचा खेळ दिला. दोन आठवड्यांत पाऊण-पाऊण नव्हे, तर पंधरा-वीस मिनिटांच्या केवळ चार बैठका झाल्या. एवढ्यानेही अंक ओळखणे, मोजणे आणि लहान-मोठी संख्या सांगणे यांत या मुलांची प्रगती झाली आणि ती नऊ आठवड्यांनंतरही टिकून होती. घरांवर अंकांऐवजी रंग असलेला पट खेळलेल्या मुलांना तो लाभ झाला नाही.

यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. एक, सापशिडीचा शंभर घरांचा पट चार वर्षांच्या मुलासाठी अवघड असतो; त्यातील प्रत्येक ओळ दिशा बदलते. आधी फरशीवर खडूने दहा घरांची सरळ पट्टी आखावी. दोन, सोंगटी पाचव्या घरावर असून दोन पडले, तर 'एक, दोन' असे न म्हणता 'सहा, सात' असे घरांचे अंक म्हणत पुढे जावे. बदल लहान आहे, पण त्यामुळेच अंकांची ओळ मनात सरळ उभी राहते.

शंकरपाळी चौरस असते का?

आकारांच्या बाबतीतही पाठांतराचा धोका तेवढाच आहे. भिंतीवरील तक्त्यात त्रिकोण नेहमी पायावर बसलेला आणि तिन्ही बाजूंनी सारखा असतो. लांबट, कललेला किंवा टोकावर उभा त्रिकोण दाखवला, की मुले 'हा त्रिकोण नाही' म्हणतात. चौरस जरा फिरवला, की त्याची 'शंकरपाळी' किंवा 'पतंग' होते. डच शिक्षक पिएर आणि दिना व्हान हीले या दांपत्याने १९५७ साली मांडलेल्या विचारांनुसार, आकाराच्या ज्ञानाची पहिली पायरी म्हणजे तो एकंदरीत कसा दिसतो यावरून ओळखणे. बाजू आणि कोपरे पाहून ओळखणे ही पुढची पायरी. ती वाढत्या वयाबरोबर आपोआप येत नाही, अनुभवाने येते.

तो अनुभव देणारी सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे कालचे वर्तमानपत्र. पानाचा वरचा कोपरा तिरका दुमडून कडेला जुळवावा आणि उरलेली पट्टी कापावी : आयतातून चौरस निघाला. मधोमध घडी घातली तर दोन आयत, तिरकी घातली तर दोन त्रिकोण. आणखी घड्या घालाव्यात आणि उलगडण्यापूर्वी 'आता किती चौकोन दिसतील?' असे विचारावे. दोन, चार, आठ ही वाढ मुलांना थक्क करते. ताटली ठेवून आखलेले कागदी वर्तुळ दोनदा दुमडले, की मध्यबिंदू सापडतो. कडा तीन वेळा त्या बिंदूपर्यंत दुमडली, की तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण तयार होतो. होडी, टोपी, भिंगरी करताना मूल न कळत भूमिती करत असते. मद्रासमध्ये १८९३ साली टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे पुस्तक लिहिले. त्याची प्रेरणा त्यांना किंडरगार्टनच्या साहित्यातूनच मिळाली होती. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि १९०१ मध्ये ते शिकागोहूनही प्रसिद्ध झाले.

पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केलेले आणि २०१८ साली पद्मश्रीने गौरवलेले अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांची जोडणी घराघरांत पोहोचवली. (घरी करताना काड्यांचे गूल खरवडून टाकावे.) तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलतो आणि त्याची 'शंकरपाळी' होते. बाजू त्याच, कोपरे बदलले, हा भूमितीतील मोठा धडा मूल बोटांनी शिकते. घराच्या कैच्या आणि विजेचे मनोरे त्रिकोणांनी का भरलेले असतात, याचे उत्तरही त्यातच आहे.

मराठवाड्यातील मुलांना ही जोडणी नवी वाटू नये. ज्वारीच्या ताटाचा आतला भेंड आणि वरच्या सालीच्या काड्या यांपासून बैलगाडी करण्याचा खेळ येथे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. भेंडाचे तुकडे जोडाचे काम करतात, साल काडीचे. चाक, चौकट, जू असे सारे आकार त्या गाडीत येतात. साल धारदार असल्याने ती मोठ्यांनी काढून द्यावी. पोळ्याला मातीचे बैल करताना पाय म्हणजे वृत्तचिती, शिंग म्हणजे शंकू आणि वशिंड म्हणजे अर्धा गोल. नावे नंतर सांगितली तरी चालतील, आधी आकार तळहातांना कळू द्यावा.

ठिपक्यांची रांगोळी हा तर अंक आणि आकार यांना जोडणारा दुवाच आहे. एक, तीन, पाच, सात, पाच, तीन, एक असे ठिपके काढले, की ते पंचवीस होतात आणि कडेचे ठिपके जोडल्यावर टोकावर उभा चौरस दिसतो. ठिपका चुकला तर नक्षी जुळत नाही. चूक दाखवायला बाईंची लाल शाई लागत नाही, रांगोळीच ती दाखवते. चांगल्या खेळाची हीच खूण मानावी.

खेळ पुरेसा आहे का?

खेळ दिला, की गणित आपोआप येते, असा समजही तपासून पाहावा लागतो. दिल्लीत 'प्रथम' संस्थेच्या बालवाड्यांतील दीड हजाराहून अधिक मुलांवर झालेला एक मोठा प्रयोग २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मोइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की, एस्थर डुफ्लो आदी संशोधकांनी मुलांना काही महिने संख्या आणि आकारांचे खेळ दिले. ठिपक्यांचे अधिक-उणे ओळखणे, वेगळा आकार शोधणे यांत ही मुले पुढे गेली आणि तो फायदा वर्षभरानंतरही टिकला. परंतु पहिलीत गेल्यावर शाळेच्या लेखी गणितात त्यांना इतरांपेक्षा विशेष लाभ दिसला नाही.

२०२५ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासाने याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. अभिजित बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांना कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले भाजीचा हिशेब तोंडी झटपट करताना आढळली. तीच मुले कागदावरील साध्या वजाबाकीत अडखळत होती. शाळेत जाणाऱ्या आणि बाजारात काम न करणाऱ्या मुलांची स्थिती नेमकी उलट होती. मिरचीच्या किंवा मक्याच्या मोंढ्यात वडिलांबरोबर जाणाऱ्या मुलाकडे हिशेबाची जाण असू शकते. ती पाटीवर उतरत नसेल, तर दोहोंमध्ये पूल बांधलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तो पूल बांधणे हेच शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पालक यांचे काम आहे. त्याचा क्रम साधा आहे. आधी हात : चिंचोके मांडणे. मग तोंड : 'माझ्याकडे चार होते, तू तीन दिलेस, सात झाले' असे मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगणे. मग चित्र : तेवढे ठिपके पाटीवर काढणे. आणि शेवटी चिन्ह : ४, ३, ७. खेळ संपल्यावर चिंचोके डब्यात गेले आणि दुसऱ्या तासाला वेगळ्याच आकड्यांचे गिरवणे सुरू झाले, तर मुलाच्या मनात दोन वेगळी गणिते तयार होतात. एक मजेचे, दुसरे भीतीचे. उलटपक्षी हात सोडून थेट चिन्हावर उडी मारली, तर उरते ती केवळ घोकंपट्टी.

धोरण आणि प्रत्यक्ष

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला आणि खेळाधारित शिक्षणावर भर दिला. जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू झाले, तर फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळ, कोडी, बाहुल्या यांची 'जादुई पिटारा' ही पेटी आली. महाराष्ट्रात त्याआधीच सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी फरशीवरील आखणी आणि हाताळण्याजोग्या साहित्याचा प्रयोग केला होता आणि तो पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक जात होते.

गरज किती आहे, हे 'असर'च्या २०२४ च्या अहवालातून दिसते. ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांनाच दोन अंकी वजाबाकी करता आली. या मुलांना आकडे म्हणता येत नव्हते असे नाही. हातच्याची वजाबाकी करताना एक दशक सोडून दहा सुटे करावे लागतात. ज्याने कधी दहा काड्यांचा गठ्ठा सोडलाच नाही, त्याला 'हातचा' कोठून आला हे कळणार कसे?

म्हणून बालवाडीची निवड करताना पालकांनी वह्यांतील पानांची संख्या मोजण्याऐवजी काही साधे प्रश्न विचारावेत. वर्गात मुलांच्या हाती काय असते? साहित्य कपाटात कुलूपबंद आहे की मुलांच्या उंचीवर? मुले आपसांत बोलतात का? चूक झाली, तर पुन्हा मांडून पाहायला वेळ मिळतो का? तीन वर्षांच्या मुलाने ढीग वेगळे करावेत आणि 'जास्त-कमी' सांगावे. चार वर्षांच्याने पाचापर्यंत वस्तू मोजून द्याव्यात. पाच वर्षांच्याने दहापर्यंत मोजून ते अंकाशी जोडावे. एवढे झाले तरी पुष्कळ आहे. कोणी महिनाभर मागे-पुढे झाले, म्हणून चिंतेचे कारण नाही.

सिल्लोडच्या अंगणात मक्याचा ढीग पुढच्या सुगीतही पडेल. त्यातले एक कणीस घेऊन आजीने नातवाला 'रांगा किती रे?' असे विचारावे, उत्तर चुकले तर न रागावता हळदीचे बोट लावून द्यावे आणि बरोबर आले, की 'आता पाटीवर लिही' असे सांगावे. या शेवटच्या वाक्यावाचून खेळ अपुरा राहतो आणि पहिल्या प्रश्नावाचून पाटी कोरडी.